महेबूब टोटली

लातूरच्या कोर्टासमोर कडुलिंबाखाली टाइपरायटर मांडून बसणारे एकूण नऊजण होते. त्या नवांत खरं इंग्रजी येणारा आपण एकटाच, असं महेबूबचं स्पष्ट मत होतं. बाकीच्या आठजणांचंही स्वतःविषयी हेच मत होतं, पण त्यांचं सोडून द्या. गिऱ्हाइकांची रांग लागायची ती महेबूबच्या टेबलापुढं.

कारण त्याचं इंग्रजी जोराचं होतं. शेजारी बसणारा वीरभद्र अर्जात सरळ लिहायचा, मी आजारी आहे, चार दिवस रजा द्यावी. आता असल्या अर्जाला कोणता साहेब विरघळेल? महेबूबच्या कागदावर तोच माणूस ‘व्हेरी मच सिरियसली इल’ व्हायचा आणि साहेब रजा देऊन वर घरी बघायला येऊ का म्हणून विचारायचा.

हा जोर त्याच्या घराण्यात होता. अब्बा निजामाच्या अमलात उदगीरच्या कचेरीबाहेर उर्दूत अर्ज्या लिहायचे. त्यांची प्रत्येक अर्जी ‘निहायत अदब से’ म्हणून सुरू व्हायची, मग ती म्हैस चोरीची असो की नळाची. निहायत नसलेली अर्जी म्हणजे मीठ नसलेलं सालन, असं ते म्हणायचे. पुढं निजाम गेला, उर्दूचे दिवस गेले, अब्बांच्या दौतीतली शाई वाळली. पण ते निहायत काही मेलं नाही. ते पोराच्या बोटात उतरलं आणि इंग्रजीत एक्स्ट्रीमली होऊन बाहेर पडायला लागलं.

महेबूब जोराचे शब्द वाढणारा नुसता वाढपी नव्हता, बरं का. त्याच्याजवळ पुठ्ठा गेलेलं एक व्याकरणाचं पुस्तक होतं आणि त्यातलं जोर देणाऱ्या शब्दांचं प्रकरण त्याला तोंडपाठ होतं. कोणत्या शब्दाला व्हेरी चालतं, कोणत्याला चालत नाही, यावर तो गिऱ्हाइकांशी कडाकडा भांडायचा. मेलेल्या म्हशीला व्हेरी लागत नाही, म्हैस मेली की मेली, हे त्यानं अर्ध्या जिल्ह्याला शिकवलं. एकदा मात्र हार खाल्ली. एक मास्तर बायकोच्या रजेचा अर्ज घेऊन आला आणि व्हेरी प्रेग्नंट लिहा म्हणून अडून बसला.

“अहो मास्तर, बाई एकतर गरोदर असते, नाहीतर नसते. त्यात व्हेरी कुठनं आलं?”

“नववा सरत आलाय भाई. उठता येईना, बसता येईना. तुम्ही येऊन बघा आन् मग सांगा, व्हेरी हाय का न्हाई.”

महेबूबनं मुकाट्यानं व्हेरी टाकलं.

तर असं सगळं हसतखेळत चाललं होतं आणि त्र्याण्णवच्या अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता भुई हलली. किल्लारीच्या बाजूची गावंच्या गावं ढिगारा झाली. मग मदत करायला जग लोटलं. दिल्लीचे आले, मुंबईचे आले, गोरे आले, आणि बऱ्याच जणांना कागद पाहिजे होता इंग्रजीत. ज्याचं घर बायकापोरांवर बसलं, त्यानं आधी ते इंग्रजीत सांगायचं. महेबूबनं टाइपरायटर पोत्यात बांधला, औशाच्या रस्त्याला एका मंडपात नेऊन मांडला आणि महिनाभर फुकट टाइप करत बसला. हे त्याचे दुश्मनही कबूल करतात.

तिथं त्याला टोटली हा शब्द घावला. घर टोटली पडलं, धान्य टोटली गेलं, विहीर टोटली बुजली. पहिले चार दिवस तो शब्द खराच होता. मग बातमी पसरली, की ज्याच्या कागदावर टोटली, त्याला छपराचे पत्रे आधी. झालं! ज्याच्या माडीचा गिलावा निघाला तोही टोटलीला हजर. महेबूब कुणाकुणाला नाही म्हणणार? समोर रडणारा माणूस खरं रडतोय का पत्र्यासाठी रडतोय, हे कळायला टाइपरायटरला काय डोळे असतात?

एका दुपारी अमृतराव आले. अमृतराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन, पांढरीफेक टोपी, बाका माणूस. त्यांच्या गोठ्याच्या एका भिंतीला चीर गेली होती. “टाका टोटली,” म्हणाले. महेबूबनं टाकलं. त्यांच्या मागं एक तरणी बाई उभी होती, कडेवर अकरा महिन्यांची पोर. ती पुढं आली आणि तिनं सांगितलं ते एवढंच, की नाव दानम्मा, नवरा विरूपाक्ष गेला, सहा वर्षांचा मुलगा शिवमूर्ती गेला, घर पडलं. महेबूबनं विचारायच्या आधीच टोटली टाइप केलं. तेवढी तरी सोय आपल्या हातात आहे, असं त्याला वाटलं.

बाई चौथी शिकलेली. इंग्रजी येत नव्हतं, पण डोळे शाबूत होते.

“भाई, ह्यो शबुद त्यांच्याबी कागदावर उमटला न्हवं? असाच, एवढाच लांब.”

“हां. तोच हाय.”

“त्यांचं काय पडलं?”

महेबूब मशीनकडं बघत म्हणाला, “गोठ्याची भिंत.”

“मग माझ्यातला काढा,” दानम्मा म्हणाली. “माझं नुसतं पडलं म्हणून लिवा.”

ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नवा कागद तयार होईपर्यंत उभी राहिली. महेबूबला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, पोलिसानं भर बाजारात टाइपरायटर उचलून नेला होता तेव्हासुद्धा नाही.

महिना संपता संपता मदतवाल्यांच्या एका साहेबानं कागदांचा गठ्ठा आपटला आणि हा टोटली लिहिणारा इसम कोण म्हणून मंडपात सगळ्यांदेखत विचारलं. तेव्हापासून तो लातुरात महेबूब टोटली. रेशनकार्डावर काहीही असो, हे नाव पक्कं. आणि गंमत बघा, नाव पडलं आणि माणूस उलटा झाला. तो जोराचे शब्द जपून द्यायला लागला. कुणी व्हेरी मागितलं की हा पुरावा मागायचा. गिऱ्हाइकं चिडायची. अर्जाचे पैसे देतो आणि व्हेरी काय तुमच्या घरचं मागतो का, म्हणायची.

पंधरा वर्षं गेली. लातुरात जिथं म्हणून मोकळी जागा दिसली तिथं क्लास उभा राहिला. फिजिक्सचा, केमिस्ट्रीचा, आणि क्लासच्या परीक्षेत पास होण्यासाठी लावायचा तोही क्लास. चौकाचौकात पोरांचे फोटो लागले, निवडून आलेल्या नगरसेवकांपेक्षा मोठे. हिमायतनगरपासून आईबाप पोरांच्या पेट्या घेऊन यायला लागले. माहूरचे तर आधी देवीच्या पायाला पेन लावून मग येत. आणि सगळ्यांना क्लासच्या, होस्टेलच्या, ट्रस्टच्या कागदावर पोरगं एक्स्ट्रीमली ब्रिलियंट पाहिजे होतं. देवणीचा एक बाप पोराला टेबलापुढं उभं करून बाजारात वळू दाखवल्यागत वर्णन करायला लागला.

“मार्क किती?” महेबूबनं विचारलं.

“बावन्न. पण डोकं लई.”

“बावन्नला एक्स्ट्रीमली बसत न्हाई. सम्‌व्हॉट देतो.”

“ते चांगलं असतंय का?”

“आमच्या गल्लीत कुणालाच दिलेलं नाही अजून.”

बाप खूश होऊन गेला.

दानम्मा आता क्लासच्या गल्लीत पोरींची खाणावळ चालवत होती. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि वाढताना शिव्या. पोरी दोन्हीवर जगत. महेबूबचा दुपारचा डबा तिथूनच यायचा आणि तो घेऊन यायची अंजू, ती कडेवरची पोर. डबा ठेवला की टेबलाच्या कडेला बसून गणितं सोडवायची. महेबूबच्या मशीनवर ती दोन बोटांनी टाइप करायला शिकली, आणि आठवीत असताना तिनं त्याच्या एका अर्जातलं चुकीचं व्हेरी काढून दाखवलं. महेबूबनं तो कागद घरी नेऊन मलिकाला, म्हणजे आपल्या बायकोला, दाखवला होता. मलिका म्हणाली, “बरं झालं, तुझ्यापेक्षा कुणीतरी शाणी निघाली.”

अंजूला दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले.

उमाशंकर सरांच्या क्लासमध्ये एक फुकट तुकडी होती. बाप नसलेल्या तीस पोरांची, दोन वर्षं सगळं शिकवणं मोफत. नाहीतर तिथली फी अशी, की दानम्मानं लातूरभर भाकरी पुरवल्या असत्या तरी पुरली नसती. आणि फी नाही तर निलंग्याचा मामा तयारच होता. त्यानं स्थळ बघून ठेवलं होतं, मुलाचं खताचं दुकान, मुलगी पुढं शिकायला पाहिजेच असं काही नाही. तुकडीत बसायला अट एकच: पालकानं इंग्रजीत पत्र द्यायचं, मूल किती हुशार आहे ते लिहायचं, खाली सही करायची आणि शनिवारी पोराला घेऊन स्वतः सरांपुढं हजर व्हायचं.

गुरुवारी मायलेकी टेबलापुढं येऊन बसल्या. महेबूबनं कोरा कागद चढवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुरावा मागायची गरज नव्हती. त्यानं पहिल्याच ओळीत एक्स्ट्रीमली इंटेलिजंट टाकलं, छाती फुगवून वाचलं आणि दानम्माला मराठीत सांगितलं, “माझी मुलगी अंजू ही अतिशय म्हणजे अतिशय हुशार आहे.”

दानम्मा ताडकन उठली. “खोडा.”

“का?”

“खोडा म्हणते ना. बरी हाय म्हणून लिवा. बसती वर्गात म्हणा.”

“अक्का, चौऱ्याण्णव टक्क्याला बरी म्हणतात होय? साधं व्हेरी तरी ठेवू द्या.”

“व्हेरी म्हणजे काय?”

“लई.”

“मग तर न्हाईच. मी सही करत न्हाई.”

अंजू इतका वेळ टेबलाच्या कडेवर नख ओढत बसली होती. ती म्हणाली, “राहू द्या काका. तिला वाटतच न्हाई मी हुशार हाय म्हणून. निकालादिवशी काय म्हणली ठावं हाय? बाकीचे सहा कुठं गेले, म्हणली. सगळ्या गल्लीनं पेढे मागितले. हिनं मला कांदे चिरायला बसवलं.” आणि ती उठून चालायला लागली. रस्ता ओलांडताना तिनं पदरासारखी ओढणी डोळ्याला लावली, ते दोघांनीही बघितलं.

महेबूबचं टाळकं सरकलं. “अक्का, हे काय करायलात? पोरगी जीव तोडून शिकायलीय, आन् तुमच्या तोंडातनं एक चांगला शब्द निघंना? दगड हाय का काळजाच्या जागी?”

दानम्मा खाली बसली.

“शिवमूर्तीला तीसपर्यंत पाढे येत होते,” ती म्हणाली. “सहा वर्साचा. गणपती बुडवायच्या दिवशी मंडपात सगळ्या गावापुढं म्हणून दाखवले. एक चुकला न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन् मी बायकांत उभी राहून म्हणले, माझा शिवमूर्ती लई हुशार. ह्याच तोंडानं म्हणले, भाई. लोकं बोलले तर तीट लावून दृष्ट काढता येती. आईच बोलली तर कुणी काढायची? तसाच निजवला त्याला. पहाटं…”

महेबूबला पुढचं सांगायची गरज नव्हती.

“अक्का, किती गावं गेली त्या पहाटे. सगळीकडं काय पोरांचं कौतुक चाललं होतं?”

“बाकीच्यांचं मला ठावं न्हाई. माझं मी केलं.” ती उठली. “पोरीला ह्यातलं काही सांगू नका. तिला वाटू द्या आई वाईट हाय म्हणून. जित्ती तरी राहील.”

महेबूब काय वाद घालणार? त्याच्याच टाइपरायटरच्या दांडीला मलिकानं काळा दोरा बांधला होता आणि तो गेली वीस वर्षं ‘हे सगळं झूट आहे’ म्हणत तो दोरा जुना झाला की बदलून घेत होता. त्यानं एक तोड काढून बघितली. एक्स्ट्रीमली इंटेलिजंट म्हणू आणि लगेच पुढं नाक नकटं आहे असं लिहू, म्हणजे कागदालाच तीट लागेल. दानम्मानं त्याच्याकडं असं बघितलं, जसं ती करपलेल्या भाकरीकडं बघायची. नजर काय खुळी हाय का, म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महेबूब घरात चहा घेत बसला होता. मलिका दारात उभी राहून शेजारणीपाशी नवऱ्याच्या नावानं खडे फोडत होती, ते रोजचंच.

“बिल्कुल कामाचा नै ये माणूस. एकदम निकम्मा. भूकंपात लोकांनी घरावर नवे पत्रे चढवले, आन् हा म्हैनाभर फुकट टायपिंग करत बसला. इतका इमानदार, इतका इमानदार, की वैताग आला मला. खोटं एक अक्षर लिहीत नै. असल्या माणसाबरोबर कोण संसार करंल?”

शेजारीण म्हणाली, “नशीब काढलंस बाई.”

महेबूबचा कप तोंडापाशीच थांबला. तीस वर्षं ही बाई आपल्याला शिव्या देतेय, असं तो समजत होता. तो तसाच उठला, चहा अर्धा टाकून, आणि खाणावळ गाठली. दानम्मा परातीत पीठ मळत होती.

“अक्का, पोरीची तारीफ करायची न्हाई ना? न्हाई करायची. तिची तक्रार सांगा. जी काही भडास असंल ती सगळी काढा.”

“तक्रारीला व्हेरी चालतंय?”

“ते मी तुम्हाला विचारतो. दुर्गुणाला लागती का नजर?”

दानम्मानं हात झटकले. “दुर्गुणाला कोण नजर लावतंय? दुर्गुणाला ढीगभर लावा.”

आणि बाई सुटली. कुठं श्वास घ्यायला थांबेना. पोरगी हट्टी आहे. किती हट्टी? लई म्हणजे लई! गणित सुटल्याशिवाय ताटाला हात लावत नाही, भात निवून गोळा होतो. भाकरी टाकायला बसवावं तर एका हातात पुस्तक, सगळ्या भाकऱ्या कोळसा. चूल पेटवायला म्हणून रद्दी आणावी, तर आधी ती वाचून काढते आणि मग देते, तोवर पोरी उपाशी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बारावीच्या पोरी जेवायला आल्या की त्यांना केमिस्ट्री समजावून सांगत बसते. त्या खुळ्या हात वाळेपर्यंत ऐकत बसतात आणि उष्टी ताटं पडून राहतात. धंद्याचं वाटोळं केलं या पोरीनं!

महेबूबनं टेबलावर येऊन पत्र बडवलं. बापजन्मात असं पत्र त्यानं लिहिलं नव्हतं. पंधरा वर्षं जपून ठेवलेला सगळा माल त्यानं त्यात ओतला. अंजू एक्स्ट्रीमली हट्टी होती, जेवायला अॅब्सोल्यूटली नकार देत होती, स्वयंपाकात होपलेसली बाद होती, आणि पुस्तक दिसलं की टोटली हाताबाहेर जात होती. टोटली हा शब्द टाइप करताना त्याची बोटं क्षणभर अडली, पण हा खरा होता. दानम्मानं ऐकलं, मान डोलावली आणि दानम्मा विरूपाक्ष अशी ठसठशीत सही केली. अंजूनंही पत्र वाचलं. आपण वाईट आहोत हे आईनं शेवटी सहीनिशी लिहून दिलं, एवढंच तिला त्यात दिसलं असावं, कारण त्या दिवशी डबा टेबलावर आपटून ती न बसताच गेली.

शनिवारी तिघंही उमाशंकर सरांकडं गेले. तुम्हीच लिहिलंय, विचारलं तर तुम्हीच सांगायचं, अशी दानम्मानं महेबूबला ताकीद दिली होती. सरांची खोली म्हणजे भिंतभर फोटो, एकशे बारा डॉक्टर झालेली पोरं आणि मधे सर. माणूस वाईट नव्हता. फिजिक्समध्ये त्याचा हात कुणी धरला नसता. पण सकाळपासून तारीफ वाचून वाचून त्याचे डोळे लाल झाले होते, आणि भाषेच्या बाबतीत तो मुळातच सरळ रेषेत जाणारा होता. त्यानं पत्र वाचलं. भुवया वर गेल्या. पुन्हा वाचलं.

“हे काय आहे?”

“पत्र, सर,” महेबूब म्हणाला.

“पत्र? ही तर पोलिसांत द्यायची फिर्याद आहे. एक्स्ट्रीमली हट्टी, टोटली हाताबाहेर! बाई, इथं लोक नापास पोराला शास्त्रज्ञ म्हणून आणतात, आणि तुम्ही स्वतःच्या मुलीबद्दल हे सही करून देता?”

“सर, त्याचं असं आहे, की हे वरवर…” महेबूब पुढं सरकला. चांगलं शिकलेला माणूस आहे, मर्म ओळखेल, असं तो धरून चालला होता. मलिकाच्या शेजारणीला कळलं ते या गृहस्थाला कळू नये?

“तुम्ही टाइपिस्ट ना? मग बाहेर थांबा.” सरांनी पत्र डाव्या हाताच्या ढिगावर टाकलं. तो ढीग नकाराचा होता, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. “मार्क चांगले आहेत, पण जी मुलगी आईलाच नको झालीय, तिला मी दोन वर्षं कशी सांभाळू? पुढचे कोण आहेत, बोलवा.”

अंजू उठली. पिशवी उचलली. आईकडं न बघता म्हणाली, “चल आई. सर खरं बोलायलेत. भाकऱ्या टाकायच्या राहिल्यात.”

महेबूबनं दानम्माकडं बघितलं. ती खुर्चीवरून उठली होती, पण दाराकडं वळली नव्हती.

“ओ सर,” ती म्हणाली. “कोण म्हणलं मला नको झाली म्हणून?”

“तुम्हीच लिहिलंय.”

“लिहिलेलं जाऊ द्या चुलीत. माझी पोरगी हुशार हाय.”

दारात वळलेली अंजू जागच्या जागी उभी राहिली.

“लई हुशार हाय,” दानम्मा म्हणाली, आणि मग तिचा आवाज असा चढला, की बाहेर रांगेतले पालक दारातून डोकावायला लागले. “लई म्हणजे लई! भितीवर चिटकवलीत न्हवं ही सगळी पोरं, त्यांच्यापेक्षा हुशार हाय! बाराव्या वर्गाच्या पोरी तिच्यापुढं ताट सोडून बसत्यात. मी भाकरी थापत ऐकत असते, मला एक अक्षर कळत न्हाई, पण पोरींच्या तोंडाकडं बघून कळतं, की हिनं सांगितलं ते त्यांना उमगलं. असली पोर लातुरात न्हाई. कुठंच न्हाई. मी तिची आई हाय, मला ठावं हाय!”

बोलली आणि तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. तिचे डोळे वर गेले, छताकडं. महेबूबला कळलं ती काय बघतेय, आणि त्याच्याही नकळत त्याची मान वर गेली. तो असल्या गोष्टी तिळमात्र न मानणारा माणूस, पण त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि स्लॅबच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघून घेतलं. पंखा फिरत होता. बाकी काही हललं नाही.

सर गडबडले होते. दोघंही आपलं छत का बघतायत ते त्यांना उमगेना. त्यांनीही एकदा वर बघून घेतलं. मग घसा खाकरून डाव्या ढिगावरचं पत्र उचललं आणि उजवीकडं ठेवलं. “सोमवारी सकाळी सहाला पाठवा,” म्हणाले. “वेळेवर.”

हे कुणी ऐकलं की नाही, देव जाणे. अंजूच्या हातातली पिशवी खाली पडली होती. ती हळूहळू आईपुढं येऊन उभी राहिली. डोळे गच्च भरलेले, नाक लाल, आणि त्या सगळ्यातून ती लहान पोरीसारखी आईच्या तोंडाकडं बघत होती. तिनं दानम्माचे हात ओढून खाली घेतले.

“आई,” ती म्हणाली, “आत्ता म्हणलीस ते परत म्हण की.”

महेबूबला वाटलं, आता ही बाई पोरीच्या पाठीत धपाटा घालणार. दानम्मानं पुन्हा एकदा छताकडं बघितलं. तिनं अंजूचं डोकं आपल्या छातीशी दाबून वरून दोन्ही हातांनी झाकून घेतलं, आणि मग ते परत म्हणाली.